साथीची चाहूल

प्लेगाच्या दिवसांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक वाक्य कानावर आलें कीं सबंध गांवाचा जीव टांगणीला लागत असे. तें वाक्य म्हणजे, “उंदीर पडूं लागले.” एखाद्या घराच्या आढ्यावरून किंवा कणगीच्या मागून उंदरानें झिंगत झिंगत बाहेर यावें आणि भर दिवसा अंगणांत मरून पडावें, एवढें दिसलें कीं जाणतीं माणसें कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नसत. घराला कुलूप घालून, गुरेंढोरें व चार भांडीं घेऊन, तीं रानांत झोपड्या बांधून राहावयास जात. रोगट उंदराच्या अंगावरील पिसूंमार्फत प्लेग पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस प्रयोग करून दाखविलें, आणि त्यानंतरही कित्येक वर्षें विद्वानांत त्यावर वाद चालूं राहिला. रोग कशानें येतो हें आपल्या खेडुतांना ठाऊक नव्हतें. परंतु तो येत आहे, हें त्यांनीं बिनचूक ओळखलें होतें.

रोग उंबरठ्याच्या आंत येण्यापूर्वीं त्याची अशी चाहूल कशी लागावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आज हें काम मोठ्या प्रमाणावर संगणकांकडे गेलें आहे. रुग्णालयांतील नोंदी, प्रयोगशाळांचे अहवाल, औषधांची विक्री, वृत्तपत्रांतील बातम्या, इतकेंच काय पण गटारांतील सांडपाणी, या सर्वांतून साथीचा माग काढण्याची एक नवी विद्या गेल्या तीसएक वर्षांत उदयास आली आहे. या विद्येला काय साधतें, काय साधत नाहीं, आणि जें साधत नाहीं तें कोणी करावयाचें, याचा थोडा विचार आपण करूं.

जुन्या काळीं साथीची मोजदाद होई ती मृत्यूंवरून. इंग्लंडांत जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाल्यावर विल्यम फार नांवाच्या गृहस्थांनीं त्या नोंदींतून शास्त्र निर्माण केलें. लंडन शहरांत कोणत्या आठवड्यांत, कोणत्या भागांत, कोणत्या कारणानें किती माणसें दगावलीं, याचीं कोष्टकें तेथें दर आठवड्यास प्रसिद्ध होत. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीनें कहर केला, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांचे पत्ते या नोंदींतूनच मिळविले, ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं गोळा होतात असें दाखविलें, आणि त्या पंपाचा दांडा काढून टाकावयास लावला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासांत ही गोष्ट अमर झालेली आहे. तथापि तिची एक बाजू ध्यानांत घेतली पाहिजे. मृत्यूची नोंद हा घर जळाल्यावर केलेला पंचनामा होय. पंपाचा दांडा निघाला तोंवर त्या वस्तींत शेंकडों माणसें मरून गेलीं होतीं. धूर दिसतो आहे तोंच धांवून जावें, असें वाटत असेल तर मृत्यूच्या कितीतरी अलीकडच्या खुणा वाचावयास शिकलें पाहिजे.

त्या खुणा कोठें सांपडतात? याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील मिलवॉकी शहरानें १९९३ सालीं घालून दिलें. मात्र तें उदाहरण यशाचें नसून हुकलेल्या संधीचें आहे. हें शहर मिशिगन सरोवराचें पाणी गाळून पितें. त्या वर्षीं मार्चच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेकडील जलशुद्धिकेंद्रांतून बाहेर पडणारें पाणी नेहमींपेक्षां गढूळ येऊं लागलें, व तशी नोंदही केंद्राच्या दप्तरीं झाली. त्या पाण्यांतून क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा, क्लोरीनला दाद न देणारा एक सूक्ष्म परोपजीवी घरोघर पोंचला. लोकांना जुलाब होऊं लागले; पण जुलाब झाला म्हणून लगेच डॉक्टरकडे कोण जातो? लोक औषधांच्या दुकानीं गेले, आणि जुलाबावरील औषधें हातोहात खपून गेलीं. शाळांतून मुलांची व कचेऱ्यांतून नोकरांची गैरहजिरी वाढली. जलकेंद्राच्या वहींत गढूळपणा होता, दुकानदाराच्या वहींत विक्री होती, शिक्षकाच्या वहींत गैरहजिरी होती. पण या वह्या एकमेकींना कधींच भेटल्या नाहींत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत आरोग्यखात्याला सुगावा लागला आणि ७ एप्रिल रोजीं पाणी उकळून पिण्याचा इशारा निघाला, तेव्हां फार उशीर झाला होता. पुढें केलेल्या अंदाजाप्रमाणें त्या साथींत सुमारें ४ लक्ष ३ हजार माणसें आजारी पडलीं.

त्या वह्या एकत्र आणणें, हेंच संगणकाचें मुख्य काम. न्यूयॉर्क शहरानें २००१ सालच्या सप्टेंबरांतील हल्ल्यानंतर व त्यापाठोपाठ टपालांतून आलेल्या अँथ्रॅक्सच्या संकटानंतर ही पद्धति जोमानें अंगिकारली. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची तक्रार, म्हणजे ताप, खोकला, उलटी, जुलाब, पुरळ यांपैकीं काय तें, रोजच्या रोज आरोग्यखात्याच्या संगणकांत उतरूं लागली. येथें रोगाचें निदान झालेलें नसतें. निदानाला दिवस लागतात, आणि नेमके तेच दिवस वांचवावयाचे असतात. म्हणून केवळ लक्षणांवर लक्ष ठेवावयाचें, असा या युक्तीचा गाभा आहे. आठवड्याच्या या वारीं, वर्षाच्या या ऋतूंत, जुलाबाचे रुग्ण साधारण किती असतात, हें संगणक मागील वर्षांच्या आंकड्यांवरून ठरवितो. आजचा आंकडा त्या सरासरीभोंवतालच्या स्वाभाविक चढउताराच्या बाहेर गेला, कीं तो अधिकाऱ्यांना सूचना देतो. २००३ सालच्या ऑगस्टांत न्यूयॉर्कची वीज गेली आणि सबंध शहर अंधारांत बुडालें. त्यानंतरच्या दिवसांत जुलाबाचे रुग्ण वाढल्याचें याच पद्धतीनें आरोग्यखात्याच्या नजरेस आलें. चौकशी केली तेव्हां, शीतपेट्या बंद पडल्यावर खाल्लेल्या मांस व मासळीशीं त्याचा संबंध असल्याचें दिसून आलें. एकेका डॉक्टराला त्याच्याकडे आलेल्या दोनचार रुग्णांवरून हें कधींच कळलें नसतें. यांत नवल नाहीं. घरांतील गृहिणी पोळ्यांच्या डब्यावरून कोणाचें पोट बिघडलें आहे तें ओळखते. हा संगणक ऐंशी लक्ष वस्तीच्या शहराचा पोळ्यांचा डबा रोज पाहत होता, इतकेंच.

परंतु गृहिणीला एक गोष्ट ठाऊक असते, ती संगणकाला सांगितल्यावांचून कळत नाहीं. पोळ्या उरल्या त्या कोणी आजारी आहे म्हणून, कीं मंडळी लग्नाला जेवून आली म्हणून, हा भेद तिला न विचारतां कळतो. दिवाळीचे चार दिवस दवाखाने बंद राहिले आणि पांचव्या दिवशीं तेथें गर्दी उसळली, तर ती साथ नव्हे. खोटी हांक ही या विद्येची मोठी डोकेदुखी आहे. समजा, एका शहरांतील शंभर दवाखान्यांतून पांच पांच लक्षणांच्या नोंदी येत आहेत; म्हणजे रोज पाहावयाचे आंकडे पांचशें झाले. केवळ योगायोगानें शंभर दिवसांतून एकदां चुकेल, इतकी काटेकोर मर्यादा जरी प्रत्येक आंकड्याला घालून दिली, तरी रोज सरासरी पांच खोट्या हांका उठणारच. लांडगा आला रे आला म्हणून रोज पांचदां ओरडणाऱ्या पोराकडे सहाव्या वेळीं कोण धांवेल? मर्यादा सैल करावी तर खरा लांडगा निसटतो. यांतून सुटका गणितानें होत नाहीं. सूचना येतांच उठून त्या दवाखान्यांत जाणारा, रुग्णाला पाहणारा, नमुना घेऊन प्रयोगशाळेंत पाठविणारा मनुष्य लागतो.

या बाबतींत गूगल कंपनीचा प्रयोग बोधप्रद आहे. लोक आजारी पडले कीं इंटरनेटवर तापखोकल्याविषयीं शोध घेतात. त्या शोधांच्या संख्येवरून अमेरिकेंतील इन्फ्लुएंझाची साथ सरकारी आंकड्यांच्या आधीं सांगतां येईल, असा दावा करून या कंपनीनें २००८ सालीं एक योजना सुरू केली. पहिल्यानें तिचा मोठा गाजावाजा झाला. परंतु २००९ सालच्या वसंत ऋतूंत इन्फ्लुएंझाच्या नव्या विषाणूची जगव्यापी साथ सुरू झाली, तेव्हां तिचा अंदाज कमी पडला. आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यांत तो खऱ्या आंकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. लोक आजारी पडल्यामुळें शोध घेतात तसेच वर्तमानपत्रांत भीतीचे मथळे वाचूनही घेतात, आणि यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. २०१५ सालीं ती योजना बंद झाली.

निरनिराळ्या वह्यांची भेट घडवावयाची, तर कोणाच्या वह्या कोणाला दाखवावयाच्या, हा विचार माणसांच्या वह्यांपाशींच थांबून चालत नाहीं. १९५७ सालीं त्या वेळच्या म्हैसूर राज्यांत शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं, आणि रानांत ये-जा करणाऱ्या लोकांना कठीण तापानें गांठलें. तेव्हां पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं माकड आणि मनुष्य या दोहोंच्या मरणाकडे एकाच दृष्टीनें पाहिलें, म्हणूनच गोचिडींमार्फत पसरणारा एक नवा विषाणु त्यांच्या हातीं लागला. याच्या उलट १९९९ सालीं न्यूयॉर्कमध्यें घडलें. त्या उन्हाळ्यांत तेथें कावळे मरून पडत होते. ऑगस्टच्या अखेरीस कांहीं वृद्ध रुग्णांना मेंदूचा ज्वर झाला व त्याचें निदान प्रथम दुसऱ्याच एका परिचित रोगाचें झालें. ब्राँक्स येथील प्राणिसंग्रहालयांतील पशुवैद्य डॉ. ट्रेसी मॅक्नमारा यांनीं मात्र, तो रोग असता तर पक्षी असे मेले नसते, असा आग्रह धरला. प्राण्यांचें खातें निराळें आणि माणसांचें खातें निराळें, म्हणून त्यांचें म्हणणें ऐकून घेण्यांत आठवडे गेले. अखेर दोन्हींचें मूळ एकच ठरलें. अमेरिका खंडांत पूर्वीं कधींही न आढळलेला वेस्ट नाईल विषाणु तेथें पोंचला होता.

आपल्या देशाला ही गरज फार किंमत देऊन पटली. १९६६ नंतर हिंदुस्थानांत प्लेगाचा निश्चित रुग्ण नोंदला गेला नव्हता, आणि प्लेगावर नजर ठेवणारी यंत्रणा हळूहळू विसविशीत झाली होती. १९९४ सालच्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं पुन्हां उंदीर पडूं लागले, पिसवांचा उपद्रव वाढला, आणि मागोमाग गांठी येऊन ताप चढणारे रुग्ण दिसले. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगाची वार्ता उठली. नीट माहिती देणारें कोणी नाहीं, आणि अफवांना तर आगगाडीहून अधिक वेग. थोड्याच दिवसांत लक्षावधि माणसें सुरत सोडून पळालीं, कित्येक देशांनीं हिंदुस्थानचीं विमानें व माल अडविला. रोगानें मेलेल्यांची संख्या शंभरांच्याही आंत होती. पण भीतीनें केलेली हानि मोजतां न येण्याइतकी मोठी ठरली.

त्यानंतर देशांत रोगांवर नजर ठेवण्याची व्यवस्था नव्यानें उभी राहूं लागली. २००४ सालीं एकात्मिक रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना साधी व शहाणपणाची आहे. आरोग्यसेविका घरोघर फिरतांना जीं लक्षणें पाहते तीं एका तक्त्यांत, डॉक्टर तपासून जो रोग असावा म्हणतो तो दुसऱ्या तक्त्यांत, आणि प्रयोगशाळेंत जें निश्चित ठरतें तें तिसऱ्या तक्त्यांत, असे तीन प्रकारचे तक्ते दर आठवड्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं पोंचवावयाचे. पुढें आठवडाही फार लांब वाटूं लागला. २०१८ सालीं सात राज्यांत नवी संगणकीय व्यवस्था सुरू करण्यांत आली, आणि एप्रिल २०२१ मध्यें ती सबंध देशाला लागू झाली. पूर्वीं अठरा रोगांची नोंद होई ती तेहतीस रोगांची होऊं लागली. आणि आरोग्यसेविकेनें गांवांत भरलेली माहिती जवळजवळ त्याच वेळीं जिल्हा, राज्य व केंद्र या तिन्ही ठिकाणीं दिसावी, अशी सोय झाली.

या व्यवस्थेच्याही आधीं, पोलिओच्या लढ्यांत, आपल्याकडे टेहळणीचा एक धडा गिरविला गेला होता. १९९७ पासून, पंधरा वर्षांखालील ज्या कोणा मुलाचा हात किंवा पाय एकाएकीं लुळा पडेल त्याची वर्दी देण्याची पद्धति सुरू झाली. वर्दी देणाऱ्यांत मोठमोठीं रुग्णालयें होतीं, तसेच गल्लींतील वैदू व मांत्रिकही होते. कारण आई मुलाला पहिल्यानें कोणाकडे नेते, हें जाणून ती रचना केलेली होती. तींतील एक नियम मला फार मोलाचा वाटतो. आठवड्यांत एकही असा रुग्ण आला नाहीं, तरी ‘एकही नाहीं’ असें लिहून कळविलेंच पाहिजे. ज्या ठिकाणाहून कांहींच येत नाहीं तेथें रोग नाहीं, कीं पाहणाराच झोंपला आहे, हें त्यावांचून कसें कळणार? मुंबईंत तर २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासून, एकही मूल लुळें पडण्यापूर्वीं विषाणूचा पत्ता लावण्याचें काम सुरू झालें. १३ जानेवारी २०११ हा देशांतील शेवटच्या पोलिओरुग्णाचा दिवस ठरला, त्यांत लसीइतकाच या न झोंपणाऱ्या पहाऱ्याचाही वांटा आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग आतां काळजी कसली? यंत्रें चांगलीं झालीं, तारा जोडल्या गेल्या, आतां साथ आली कीं कळणारच. श्रोतेहो, येथेंच थोडें थांबलें पाहिजे. यंत्र धांवतें तें त्यांत पहिला शब्द घातला गेल्यावर. आणि तो पहिला शब्द उच्चारणें ही सदैव मोठ्या धैर्याची गोष्ट होऊन बसलेली आहे.

आपल्याच मुंबईचें उदाहरण घ्या. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत विचित्र तापानें माणसें मरूं लागलीं. गोमंतकांत जन्मलेले डॉ. अकासियु गाब्रिएल व्हिएगस यांनीं त्या रुग्णांना पाहून हा ग्रंथिक प्लेग आहे असें ओळखलें, आणि ते नगरपालिकेचे सभासद असल्यामुळें तेथें तसें स्पष्टपणें सांगितलें. प्लेग हा शब्द त्या वेळीं कोणालाच नको होता. मुंबई हें सर्व जगाशीं व्यापार करणारें बंदर. प्लेग म्हटला कीं गलबतें अडणार, माल पडून राहणार. तेव्हां हा एक ‘विशिष्ट प्रकारचा ताप’ आहे, अशी सौम्य भाषा प्रथम वापरली गेली. निदान खरें ठरावयास फार दिवस लागले नाहींत. कित्येक लक्ष लोकांनीं मुंबई सोडली, आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर पडला. डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आज मेट्रो चित्रगृहासमोर उभा आहे. त्या रस्त्यानें जातांना, हा मान त्यांना एक अप्रिय शब्द वेळेवर उच्चारल्याबद्दल मिळाला, हें आठवावें.

दुसरी बाजू पुण्यानें १८९७ सालीं पाहिली. तेथें वर्दी कोणी दिली नाहीं तर ती बळानें काढावी, असें सरकारनें ठरविलें. रँडसाहेबाच्या अमलाखालीं गोरे सोजीर घरोघर शिरून झडती घेऊं लागले. देवघर म्हणूं नये, माजघर म्हणूं नये, स्त्रियांची अब्रू पाहूं नये. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवूं लागले, प्रेतें लपवूं लागले. जून महिन्यांत रँडचा वध झाला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच साथींत सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या मुलाच्या दवाखान्यांत प्लेगाच्या रुग्णांची शुश्रूषा केली, आणि १० मार्च रोजीं त्याच रोगानें त्या वारल्या. जेथें वर्दी म्हणजे शिक्षा असा समज होतो तेथें दारें बंद होतात. आणि जेथें शुश्रूषा मिळते तेथें रुग्ण आपण होऊन येतात. ही गोष्ट संगणकाच्या युगांतही तसूभर बदललेली नाहीं.

बदललेली नाहीं, असें मी म्हणतों तें अलीकडच्या अनुभवावरून. २००२ च्या नोव्हेंबरांत चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत सार्स हा नवा रोग उद्भवला. जगभरचे डॉक्टर प्रोमेड नांवाच्या एका ई-मेल पत्रिकेंतून रोगांच्या वार्ता एकमेकांस कळवीत असतात. १९९४ पासून ती चालूं आहे. १० फेब्रुवारी २००३ रोजीं तींत एका अमेरिकन डॉक्टरनें ग्वांगझौ शहरांत रुग्णालयें बंद पडून माणसें मरत आहेत, असें ऐकतों, त्याविषयीं कोणाला कांहीं ठाऊक आहे काय, अशी पृच्छा केली. दुसऱ्या दिवशीं चीननें तीनशेंहून अधिक रुग्ण असल्याचें मान्य केलें. तोंवर तीन महिने उलटून गेले होते. आणि तो रोग आटोक्यांत येईपर्यंत जगांत सुमारें आठ हजार लोकांना तो जडला व त्यांतील ७७४ जण दगावले.

त्यावरून धडा घेऊन चीननें २००४ पासून एक भव्य संगणकीय वर्दीपद्धति उभारली. देशांतील रुग्णालयांनीं संसर्गाची नोंद थेट राजधानींतील केंद्राला दिसेल अशी करावयाची, आणि ज्याचें कारण कळत नाहीं असा न्यूमोनिया तर विशेषेंकरून कळवावयाचा. श्रोतेहो, २०१९ च्या डिसेंबरांत वूहान येथें नेमका असाच न्यूमोनिया आला. यंत्र होतें, तारा होत्या, नियम होता. पण स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून त्यांत शब्द उमटला नाहीं. ३० डिसेंबर रोजीं ली वेन्लियांग या तरुण नेत्रवैद्यानें आपल्या सहकाऱ्यांना खाजगी संदेशानें सावध केलें. जानेवारीच्या आरंभीं पोलिसांनीं त्याला बोलावून अफवा पसरविल्याबद्दल समज दिली. आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजीं तो त्याच रोगानें मरण पावला. कॅनडाचेंही असेंच. तेथील सरकारनें जगभरचीं वृत्तपत्रें वाचून साथींचा इशारा देणारी एक नामांकित यंत्रणा १९९७ पासून चालविली होती. इशाऱ्याला वरिष्ठांच्या मंजुरीची अट पडली, आणि मे २०१९ पासून, म्हणजे कोविडच्या ऐन तोंडावर, ते इशारे बंद पडले.

याच्या उलट, २०१८ च्या मे महिन्यांत कोळिकोड येथें जें घडलें तें पाहा. एकाच कुटुंबांतील दुसरा मनुष्य मेंदूच्या ज्वरानें रुग्णालयांत आला, तेव्हांच तेथील डॉक्टरांना शंका आली. नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेंत गेले, पुण्याच्या संस्थेनें निपा विषाणूवर शिक्कामोर्तब केलें, आणि केरळ सरकारनें लागलीच तें जाहीर करून रुग्णांच्या सहवासांत आलेल्या प्रत्येकाचा माग काढला. माणसें गेलीं, परंतु साथ दोन जिल्ह्यांच्या बाहेर फैलावली नाहीं. तेथें पहिली हांक यंत्राची नव्हती. ती डॉक्टरची होती, आणि ती ऐकणारे कान जागे होते.

व्यापार बुडेल, प्रवासी येणार नाहींत, हें भय कांहीं खोटें नाहीं. म्हणूनच २००५ सालीं जगांतील राष्ट्रांनीं मान्य केलेल्या आरोग्यविषयक नियमांत, गंभीर घटनेची खात्री होतांच चोवीस तासांच्या आंत जागतिक आरोग्य संघटनेस कळविण्याचें बंधन घातलें आहे, आणि सरकारेतर मार्गांनीं आलेली वार्ताही विचारांत घेण्याची मुभा त्या संघटनेस दिली आहे. खरें सांगणाऱ्या देशाचा व्यापार विनाकारण अडवूं नये, हेंही त्यांत आहे. पण हा भाग पाळला जातो तो फार थोडा.

आतां हें सर्व आपल्या घराशीं कोठें येऊन पोंचतें, तेवढें सांगून भाषण संपवितों. शहरांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबें आजारपणांत खाजगी डॉक्टरकडे जातात, किंवा तेंही न करतां दुकानांतून तापाच्या गोळ्या आणून घेतात. तो ताप कोणत्याच वहींत जात नाहीं. सरकारी व्यवस्थेला गरिबांच्या वस्तींतील रोग दिसतो, आणि आपल्या इमारतींतील डेंग्यू दिसत नाहीं. मग डास मारणारी माणसें उशिरा आलीं म्हणून आपणच तक्रार करतों. तीन दिवसांवर ताप राहिला तर तपासणी करून घ्यावी. रोग निश्चित झाला कीं, “आपण वर्दी दिलीत ना?” असें डॉक्टरांना विनयानें विचारावें. क्षयाची वर्दी तर २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही सक्तीची आहे. मुलाला शाळेंत पाठविलें नाहीं तर चिठ्ठींत ‘घरगुती कारण’ न लिहितां ताप किंवा कांजिण्या, जें असेल तें लिहावें. आणि शेजारच्या घरांत रोग आला तर त्या घराकडे संशयानें पाहूं नये. कारण आज आपण ज्याला दूर लोटूं, तो उद्यां रोग लपवील.

मात्र ही मागणी एकतर्फी असूं नये. साथीची चाहूल घेण्याला संख्या, ठिकाण, वय व लक्षणें एवढें बहुतेक प्रसंगीं पुरतें. नांव लागतें तें रुग्णाला औषध पोंचविण्यापुरतें आणि त्याच्या सहवासांतील माणसांना जपण्यापुरतें. त्यापलीकडे तें कोणाच्या हातीं जातां कामा नये. कोविडच्या काळांत घरांच्या दारांवर फलक लागले, रुग्णांच्या याद्या हातोहात फिरल्या. त्या अनुभवानें कित्येकांनीं पुढें तपासणीच टाळली, यांत त्यांचा दोष थोडा आहे. नागरिकांनीं खरें सांगावें असें ज्या सरकारला वाटतें, त्यानें गोळा केलेले आंकडे नागरिकांना खरे व वेळेवर सांगितले पाहिजेत, आणि वाईट वार्ता आणणाऱ्या डॉक्टराला, सेविकेला किंवा पत्रकाराला अभय दिलें पाहिजे.

१९९४ सालीं मामला गांवीं उंदीर पडले, ते पाहणारे डोळे तेथें होतेच. आज त्या डोळ्यांनीं पाहिलेलें क्षणार्धांत दिल्लीस पोंचविण्याची सोय आहे. पाहणाऱ्यानें तें निर्भयपणें सांगावें, आणि ऐकणाऱ्यानें तें ऐकतांच उठावें, एवढें मात्र आपल्याकडेच राहिलेलें आहे.